अटलांटिस, १:५० : कामाची वही

५ जानेवारी २०२५, रविवार

वही आज उघडली. गावच्या शाळेला प्रयोगशाळेत ठेवायला एक मॉडेल हवं आहे. दिवाळीत मुख्याध्यापक म्हणाले होते, "काका, एखादं रॉकेट करून द्या की." मी हो म्हटलं आणि दोन महिने विसरून गेलो. रॉकेट म्हणजे शेवटी पाईप आणि वर टोपी. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये घासलेल्या माणसाला त्यात काय राम? तेव्हा विषय मीच बदलला. स्पेस शटल अटलांटिस करायचं, म्हणजे अंतराळात जाऊन परत येणारं अमेरिकेचं यान. उडणारं नाही, संग्रहालयातलं.

२०२३ च्या डिसेंबरात लेकीकडे फ्लोरिडाला गेलो होतो, तेव्हा जावयांनी केनेडी स्पेस सेंटर दाखवलं. बाहेर इंधनाची नारिंगी टाकी आणि दोन पांढरे बूस्टर (उडताना यानाला जोर देणारी रॉकेटं) खऱ्या मापाचे उभे केलेत. त्यांच्या मधून, मान मोडेपर्यंत वर बघत, आत जायचं. आत फिल्म दाखवतात. फिल्म संपते तिथे पडदा उचलला जातो आणि समोर साक्षात यान, नाक आपल्याकडे. शेजारच्या बाईंनी चक्क डोळे पुसले. मी टाइल्समधल्या फटी बघत होतो. सवय जात नाही.

अंतराळात जाऊन आलेली तीन शटल आता संग्रहालयांत आहेत आणि तिघांची तऱ्हा वेगळी. वॉशिंग्टनजवळचं डिस्कव्हरी चाकांवर उभं आहे, नुकतंच उतरल्यासारखं. लॉस एंजेलिसचं एंडेव्हर टाकी आणि बूस्टरसकट उभं रचलंय, आता उडेल असं. न्यूयॉर्कला जहाजावर ठेवलेलं एंटरप्राइज चौथं, पण ते अंतराळात कधी गेलंच नाही. अटलांटिस मात्र टांगल्यासारखं तिरकं, मालाच्या कप्प्याची दारं सताड उघडी, कक्षेत काम चालू असावं तसं. पाहिलं तेव्हाच ठरलं होतं की कधी करायचं झालं तर हेच.

मापं. यान ३७.२ मीटर लांब, पंखांचा पसारा २३.८ मीटर. एकास पन्नासने ७४.४ सेंटिमीटर आणि ४७.६. मालाचा कप्पा १८.३ बाय ४.६ मीटर, म्हणजे ३६.६ बाय ९.२ सेंटिमीटर. हिला सांगितलंय टीव्हीशेजारच्या शेल्फवर मावेल. मावणार नाही.

१२ जानेवारी

आधी स्टँड. उलटं वाटेल, पण टूलरूममध्ये जॉबच्या आधी फिक्स्चर करतात.

अटलांटिस ४३.२१ अंशांनी कलंडलेलं ठेवलंय. चार-तीन-दोन-एक, उलटी मोजणी. इमारत आखणाऱ्यांनी मुद्दाम साधलेली गंमत आहे ही. बघणाऱ्याला त्रेचाळीस काय नि पंचेचाळीस काय, कळणार नाही. पण शाळेत जायची वस्तू आहे, कुणीतरी पोरगं कोनमापक लावेल. साध्या कोनमापकावर ०.२१ अंश दिसत नाही, म्हणून टॅन काढला: ०.९३९. पाया १०० मिलिमीटर, उंची ९३.९ मिलिमीटर, अशी सागवानाची पाचर. व्हर्नियरने तपासली, ९३.८ भरली. चालेल म्हणून सोडणार होतो. मग एक कागदाचा तुकडा खाली चिकटवला. झाली ९३.९.

कलंडल्यावर एक पंख मधल्या रेषेच्या १६.३ सेंटिमीटर वर जातो, दुसरा तेवढाच खाली. फ्लोरिडात त्या खालच्या पंखाचं टोक माणसाच्या डोक्याच्या थोडंसंच वर येतं. लोक हात वर करून फोटो काढत होते.

२ फेब्रुवारी

सांगाडा झाला. पाच मिलिमीटर सनबोर्डाच्या चौदा आडव्या बरगड्या, मधून कण्यासारखी पट्टी. नाकाच्या तीन बरगड्या दोनदा कापल्या. त्या नाकाला एकही सरळ रेषा नाही. वरून कार्डशीटचं आवरण, जोडांवर पुट्टी, पॉलिश पेपर ४०० नंबर.

नात सहावीत आहे. तिने विचारलं, "आबा, अटलांटिस म्हणजे ते बुडालेलं शहर ना?" नाव त्यावरून नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या समुद्रसंशोधन संस्थेचं दोन डोलकाठ्यांचं एक शिडाचं जहाज होतं, १९३० पासून तीसेक वर्षं समुद्र मोजत फिरणारं. त्याचं नाव याला दिलं. हे तिला जास्त आवडलं.

१६ फेब्रुवारी

पंख लावले. डावा पंख टोकाला दोन मिलिमीटर वर. उकरून परत लावला. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

२ मार्च

दारं. या एका भागाने तीन रविवार खाल्ले.

कप्प्याला दोन दारं, दोन्ही कप्प्याइतकी लांब आणि बाहेरून गोलाई असलेली. पातळ पीव्हीसी शीट चार इंची पाईपवर बांधली, हिच्या हेअर ड्रायरने तापवली आणि थंड होऊ दिली. गोलाई छान आली. बिजागरीला तांब्याची तार. मोठ्या हौसेने स्टँडवर चढवून उघडली, तर खालचं दार दोन्ही टोकांना लोंबायला लागलं. जाड शीट घेतली तर गोलाई येईना. आतून पट्ट्या चिकटवल्या तर त्या दिसायला लागल्या.

मग फ्लोरिडाचे फोटो काढून बसलो. एका फोटोत दारापासून छताकडे जाणाऱ्या बारीक तारा दिसतात. तेव्हा मला वाटलं होतं दिव्यांच्या असतील. त्या दारं पेलणाऱ्या तारा आहेत! खऱ्या यानाची दारंसुद्धा स्वतःचं वजन धरू शकत नाहीत. ग्रॅफाइट-इपॉक्सीची आहेत ती, वजनाला कमीत कमी ठेवलेली. वर वजनच नसतं, मग भक्कम कशाला करायची? पृथ्वीवर उघडायची झाली की बाहेरून आधार लावूनच उघडत. माझं दार लोंबलं ते चुकून नव्हे, बरोबरच लोंबलं होतं.

दारं उघडी ठेवण्यामागेही कारण आहे. त्यांच्या आतल्या बाजूला रेडिएटर असतात, यानातली उष्णता बाहेर टाकणारे. कक्षेत पोहोचलं की लवकरात लवकर दारं उघडायची. उघडली नाहीत तर मोहीम गुंडाळून परत. सप्टेंबर २००६ च्या मोहिमेत अटलांटिसच्या याच रेडिएटरला काहीतरी बारीक कण लागला आणि पावणेतीन मिलिमीटरचं भोक पाडून गेला. उतरल्यावर तपासणीत सापडलं. एकास पन्नासने ते भोक ०.०५ मिलिमीटरचं होतं. सुईचं टोकही त्याहून जाड. सोडून दिलं.

मी काय केलं, तर तंगूस आणली. कोकणातला एक शेजारी गळाला लावतो, त्याच्याकडून सर्वांत बारीक मागून घेतली. दाराला चार ठिकाणी बांधून वर हुकाला ताणली. दार सरळ. चार फुटांवरून तंगूस दिसतही नाही.

१९ मार्च

काम केलं नाही, पण नोंद हवी. पहाटे ३ ला उठून टीव्ही लावला. सुनीता विल्यम्स परत आल्या. ३ वाजून २७ मिनिटांनी ड्रॅगन कुपी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरली. तिथे १८ तारखेचे संध्याकाळचे ५:५७. आठ दिवसांसाठी म्हणून गेलेल्या बाई नऊ महिन्यांनी आल्या. आसपास डॉल्फिन फिरत होते.

नातीला उठवलं होतं. तिला सांगितलं की २००७ मध्ये याच बाई पहिल्यांदा अंतराळातून परतल्या त्या अटलांटिसमधून. तेव्हा फ्लोरिडात हवा खराब होती म्हणून यान कॅलिफोर्नियात एडवर्ड्स तळावर उतरवलं होतं, २२ जूनला. ती उठून गेली आणि अर्धवट मॉडेलच्या नाकावरून हात फिरवून आली. "म्हणजे या खिडकीतून?" म्हणाली. खिडक्या अजून कापलेल्या नाहीत, पेन्सिलीने आखल्यात.

आणखी एक योगायोग. अटलांटिस शेवटचं उतरलं, २१ जुलै २०११ ला, तेव्हाही फ्लोरिडाच्या घड्याळात ५:५७ च होते. पहाटेचे.

१३ एप्रिल

टाइल्स. खरं काम इथे आहे.

यानावर चोवीस हजारांच्या वर टाइल्स. वाळूपासून मिळणाऱ्या सिलिकाच्या तंतूंच्या, आणि आत नव्वद टक्क्यांहून जास्त हवा. हातात घेतली तर थर्मोकोल वाटावा. पोटाच्या बाजूच्या काळ्या टाइल्स सुमारे १,२६० अंश सेल्सिअस सोसतात. नाक आणि पंखांच्या कडा त्याहून तापतात, तिथे वेगळं कार्बनचं आवरण. खालचं ॲल्युमिनियम मात्र पावणेदोनशे अंशांच्या वर जाता कामा नये. म्हणजे सगळा खेळ दोन-चार इंचांच्या जाडीत. टाइल ॲल्युमिनियमवर सरळ चिकटवत नाहीत, कारण ॲल्युमिनियम फुगतं-आकसतं आणि टाइल तडकते. मध्ये नमद्यासारखा कापडाचा थर, आणि चिकटवायला सिलिकॉन. आपण गाडीच्या गॅस्केटला लावतो त्याच जातीतलं.

पोटाच्या टाइल्स बहुतेक सहा इंची चौरस. माझ्या मापाला तीन मिलिमीटर. पहिल्या संध्याकाळी मी आणि नातीने मिळून काळ्या कार्डाचे दोनशे चौकोन कापून लावले. माझी दोन बोटं फेव्हिक्विकने एकमेकांना चिकटली ती वेगळीच. मग पोरीने हिशेब केला: चोवीस हजार भागिले दोनशे, एकशे वीस संध्याकाळी. "आणि मला परीक्षा आहे," असं म्हणून ती उठली ती परत फिरकली नाही.

दोनशे उपटून टाकले. काळा रंग दिलेल्या कार्डावर ब्लेडच्या मागच्या बाजूने रेघा ओढल्या. पट्टी, रेघ, तीन मिलिमीटर, पट्टी, रेघ. दहा दिवसांत पोट झालं. दुरून झकास.

जवळून मात्र काहीतरी खटकतंय. फार एकसारखं झालंय. फरशी बसवल्यासारखं.

२७ एप्रिल

खटकत होतं ते सापडलं. फोटो मोठा करून पाहिला. पोटाच्या काळ्या टाइल्स एका काळ्या नाहीतच. काही शिसपेन्सिलीसारख्या करड्या, काही राखाडी, मधेच एखादी कोळशासारखी नवी. उडून आलेली टाइल फिकी पडते, आणि तपासणीत खराब निघाली की तिच्या जागी नवी बसते. प्रत्येक टाइलला स्वतःचा नंबर, स्वतःचा आकार. शेजारची टाइल तिथे बसत नाही. म्हणजे पोट बघून सांगता येईल कुठे किती वेळा हात लागलाय. जुन्या शर्टाची ठिगळंच.

प्रत्येक टाइलला एक बारीक भोकही असतं, दर उड्डाणानंतर सुईने जलरोधक औषध सोडायला. दर वेळी सगळ्यांना! "पुन्हा वापरता येणारं यान" म्हणताना हे कुणी सांगत नाही. पुन्हा वापरायचं म्हणजे पुन्हा हाताने सारवायचं.

१९८८ च्या डिसेंबरातली गोष्ट तर अंगावर काटा आणते. संरक्षण खात्याची गुप्त मोहीम होती. उड्डाणात बूस्टरच्या टोकावरचं आवरण सुटलं आणि अटलांटिसच्या पोटावर आदळलं. सातशेहून जास्त टाइल्स खराब, एक साफ गायब. यान तसंच परत आलं. गायब टाइलच्या बरोबर खाली ॲन्टेना बसवायची पोलादी पट्टी होती, म्हणून वितळून आरपार गेलं नाही. दुसरीकडची कुठली टाइल असती तर? चौदा वर्षांनी कोलंबिया या दुसऱ्या शटलच्या पंखाला फोमचा तुकडा लागला आणि ते परत आलं नाही. कल्पना चावला त्यात होत्या. फ्लोरिडाला अटलांटिसच्या त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक अंधारी खोली आहे. त्याआधी गमावलेल्या चॅलेंजर शटलच्या अंगाचा झेंडा रंगवलेला एक तुकडा आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी तिथे ठेवल्यात. तिथे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. वर आल्यावर मी यानाचं पोट पुन्हा एकदा नीट पाहिलं होतं.

आता काळ्याच्या चार छटा करायच्या. ब्रशने जमत नाहीये, ठिपके दिसतात.

१८ मे

इंजिनं. भोसरीत एका मित्राचं लेथ आहे. रविवारी मशीन मोकळं होतं. ॲल्युमिनियमच्या पन्नास मिलिमीटर बारमधून तीन नोझल काढले, तोंडाला साडेचार सेंटिमीटर, आतून बोअर करत करत घंटेसारखा आकार. तिसऱ्याला टूल चावलं आणि कड उडाली. ते फेकून चौथं केलं. मित्राला म्हटलं खर्च सांग. तो म्हणाला चहा पाज.

चहा पिताना त्याला सांगितलं की खऱ्या अटलांटिसवरची तीन नोझलसुद्धा अशीच, नुसती दाखवायची आहेत. संग्रहालयात द्यायच्या आधी इंजिनं काढून घेतली आणि भंगारात निघालेल्या जुन्या नोझल डागडुजी करून लावल्या. तो म्हणाला, "म्हणजे आतलं मटेरियल काढून घेतलं? मग खरी कुठायत?"

कुठायत ते सांगितलं, तर ऐकून तो बराच वेळ गप्प होता. इंजिनं पुढच्या चांद्रमोहिमेच्या रॉकेटसाठी राखून ठेवली होती. अटलांटिसच्या शेवटच्या उड्डाणातल्या तीनपैकी दोन, २०४५ आणि २०६० नंबरची, नोव्हेंबर २०२२ मध्ये आर्टेमिस-१ वर लावली. ते रॉकेट एकदाच वापरायचं असतं. आठ मिनिटं जळली आणि रॉकेटच्या मुख्य भागासकट समुद्रात गेली. वर्षानुवर्षं उतरवून, खोलून, पुसून, परत लावून वापरलेली इंजिनं. चूक म्हणता येणार नाही. इंजिन जळायलाच केलेलं असतं, काचेमागे बसायला नाही. पण मित्राने हातातला नोझल परत चकजवळ नेऊन त्याची कड उगाचच पुन्हा एकदा साफ केली.

१५ जून

पाऊस. फेव्हिकॉल वाळत नाही, पुट्टी ओली, सनबोर्ड तेवढा शहाण्यासारखा वागतोय. शेपटीशेजारच्या दोन फुगीर कप्प्यांवर (कक्षेत ढकलणारी छोटी इंजिनं त्यांत असतात) पांढऱ्याचा हात मारला आणि थांबलो.

या कप्प्यांची एक गोष्ट नातीला सांगितली ती तिला बेहद्द आवडली. सुनीता विल्यम्सना आणणाऱ्या त्या २००७ च्या मोहिमेत डाव्या कप्प्यावरच्या उष्णतारोधक रजईचा कोपरा उचकटला होता. दोन कापडांची शिवलेली रजईच असते ती, टाइल नाही. डॅनी ऑलिव्हास बाहेर जाऊन, कोपरा दाबून, यानातल्या औषधपेटीतल्या स्टेपलरने टाचून आले. जखमेला टाके घालायचा स्टेपलर! त्याच मोहिमेआधी फेब्रुवारीत गारपीट झाली होती, टाकीच्या फोमला जागोजाग खळगे पडले आणि उड्डाण जूनपर्यंत लांबलं. अब्जावधींचं यान आणि गारांनी अडलं.

पोरीचा हट्ट: आपल्या मॉडेलवर स्टेपलर मारा. मी नाही म्हणालो. त्यानंतर यान चार वर्षं उडत होतं, ती रजई बदलली असणारच. आपण २००७ चं नाही करत, संग्रहालयातलं करतोय. ती फुगून बसली. शेवटी पाचरीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथे, तिने एक पिन ठोकली. तेवढं मान्य.

२९ जून

पोटावर काळ्या स्प्रेचा शेवटचा हात दिला आणि घात झाला. दमट हवेत लॅकर मारायचं नसतं हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलोय. दोन तास ऊन दिसलं म्हणून मोह झाला. तासाभरात अर्धं पोट राखाडी पडलं, बुरा चढल्यासारखं. डोकं फिरलं. वहीत तारीख लिहून झाकून ठेवलं.

६ जुलै

आज झाकण काढून शांतपणे पाहिलं. ज्या चार छटा मला ब्रशने जमत नव्हत्या त्या पावसाने करून ठेवल्यात. काही चौकोन राखाडी, काही करडे, कडेला कोळसा. खिडकीकडची बाजू जास्त फिकी. आठ-दहा चौकोनांना मास्किंग टेप लावून नवा काळा मारला, "बदललेल्या" टाइल्स म्हणून. झालं. इतकं खरं मला ठरवून करता आलं नसतं. पोराटोरांना हे तंत्र म्हणून शिकवायला मात्र जाऊ नये.

२७ जुलै

वरचा पांढरा भाग पूर्ण. पॉलिश पेपर हजार नंबर, तीन हात. आरशासारखा. आणि आता तो खराब करायचाय.

अटलांटिस धुऊनपुसून मांडलेलं नाही. शेवटच्या वेळी उतरलं तसं ठेवलंय. नाकापासून मागे ओढलेले तपकिरी-काळे ओघळ, टाइल्सच्या फटींतून निघालेले डाग, रजयांवर पिवळट झाक. विषारी इंधन तेवढं काढलं. नाकातला आणि शेपटीजवळचे थ्रस्टरचे (छोट्या इंजिनांचे) कप्पे सुटे करून न्यू मेक्सिकोला धुवायला पाठवले आणि परत बसवले. आतली घाण काढली, बाहेरची राहू दिली.

मी कोळशाची पूड आणि चहाचं पाणी घेऊन बसलो. जुना टूथब्रश. ही मागे येऊन उभी राहिली.

"अहो, एवढं शुभ्र केलंत महिनाभर खपून, आणि आता काळं फासताय?"

"खरं असंच आहे."

"खऱ्याला कुणी पुसलं नाही?"

"पुसायचं नाही असं ठरवलं."

"मग मलाही सांगा हो घरात काय काय पुसायचं नाही ते."

हात मात्र थरथरत होता, खोटं का बोला. आयुष्यभर जॉबवर बोटाचा ठसा उमटला तरी इन्स्पेक्शनला जाऊ दिला नाही. पहिला ओघळ ओढायला वीस मिनिटं लागली. चौथ्यानंतर सरावलो. नाकाजवळ एक जास्तच गडद झाला. ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर तो पसरला आणि जास्त खरा दिसायला लागला.

७ सप्टेंबर

यांत्रिक हात, कॅनडार्म. १५ मीटर लांब, ३८ सेंटिमीटर जाड. म्हणजे ३० सेंटिमीटर आणि साडेसात मिलिमीटर. अशी नळी बाजारात शोधत फिरलो. सापडली घरातच: वाऱ्याने उलटलेल्या छत्रीची दांडी. आठ मिलिमीटर भरते. पांढरी टेप गुंडाळली, कोपराला गाठ, मनगटाला गाठ. फ्लोरिडातला हातही प्रतिकृतीच आहे, त्यामुळे छत्रीबद्दल मन खात नाही. खरा बघायचा तर कॅनडात ओटावाला जाता येईल, एंडेव्हरचा तिथे आहे.

१९ ऑक्टोबर

फराळाच्या धांदलीत मॉडेल बेडरूममध्ये हलवलं. आता प्रश्न, गावी न्यायचं कसं. शेपूट ताठ उभी आहे, डब्यात बसत नाही. मुलगा म्हणतो कापा आणि तिथे जोडा.

नेमकी तिकडेही हीच भानगड चालू आहे. डिस्कव्हरी वॉशिंग्टनजवळून ह्यूस्टनला हलवायचा घाट घातलाय. जुलैत कायदा झाला, साडेआठ कोटी डॉलर ठेवलेत. स्मिथसोनियनवाले (डिस्कव्हरी त्यांच्याच संग्रहालयात आहे) म्हणतात एवढ्यात भागणार नाही, आणि यान काही प्रमाणात सुटं करावं लागेल. पूर्वी शटल पाठीवर घेऊन उडणारी दोन ७४७ विमानं होती, ती आता स्वतःच संग्रहालयात जाऊन बसलीत. नेणार कशावर? टाइल्स आणि रजया एकदा उचकटल्या की ते "उतरलं तसं" राहत नाही. माझं मत कुणी विचारलेलं नाही. पण शेपूट कापायची नाही हे नक्की झालं.

२ नोव्हेंबर, रविवार

आज नेलं. तारीख मुद्दाम निवडली. २०१२ मध्ये याच दिवशी अटलांटिस आपल्या शेवटच्या प्रवासाला निघालं होतं. जोडणीच्या इमारतीपासून संग्रहालयापर्यंत सोळा किलोमीटर, ७६ चाकांच्या गाड्यावर, माणूस चालेल त्या वेगाने. वाटेतले दिव्यांचे खांब आणि सिग्नल तात्पुरते काढले होते. संग्रहालयाची एक भिंत बांधायची ठेवली होती. यान आत गेल्यावर ती बंद केली. मग बांधकामाची धूळ बसू नये म्हणून सगळ्या यानाला प्लास्टिक गुंडाळून ठेवलं होतं, आणि २९ जून २०१३ ला दार उघडलं.

आमचा टेम्पो. खाली गादी, भोवती तांदळाची रिकामी पोती, वर हिची जुनी साडी. मी मागे बसलो, हात पाचरीवर. खंबाटकी घाटात ड्रायव्हर म्हणाला, "काका, देव आहे का काय आत?" गतिरोधकावर प्रत्येक वेळी श्वास रोखला. गावात शिरताना शेवटच्या गतिरोधकावर टक्क असा आवाज आला. बघितलं तर कॅनडार्मचा कोपर निखळला होता. बाकी शाबूत. एका दिवसाच्या कामाचं नुकसान, एवढंच.

३ नोव्हेंबर

शाळेत बसवलं. छताला हुक आधीच होता, कधीकाळी पंखा असणार. तंगूस त्यावरून घेतली. मुख्याध्यापकांनी काचेची पेटी करू म्हटलं. मी म्हटलं करा, पण वरून उघडी ठेवा, तारा वर जायला हव्यात.

पाचवीतला एक मुलगा मान तिरकी करून बघत होता. म्हणाला, "काका, हे पडतंय." त्याला सांगितलं की अंतराळात खाली-वर असं काही नसतं. त्याने मान सरळ केली, पुन्हा तिरकी केली आणि "मग आपणच वाकडे उभे आहोत" असं म्हणून निघून गेला. दुसरा कोनमापक घेऊन आला. सुट्टी संपल्याच्या पहिल्याच दिवशी! ४३ आणि थोडं, असं त्याने वहीत लिहिलं.

शिपाई मामा ओलं फडकं घेऊन आले होते, "नवी वस्तू आहे, डाग पडलेत, पुसून देतो." मी आडवा झालो. आता पाटी लिहायला हवी.

शिल्लक कामं: कोपर परत चिकटवणं (इपॉक्सी घेऊन येणं). खालच्या दाराची मागची तंगूस पाव सेंटिमीटर ढिली आहे, ताणणं. "पुसू नये" ही पाटी, मोठ्या अक्षरांत.